डायलवाला डिजिटल कॅमेरा: निवडण्यापासून हात बसेपर्यंत

दुकानात गेल्यावर कॅमेरा लगेच सुरू करू नका. बंद असतानाच हातात घ्या आणि वरून बघा. फुजीफिल्मचा एक्स-टी५ असेल, तर डावीकडे आयएसओची (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील) चकती दिसेल, उजवीकडे शटर स्पीडची (प्रकाश किती वेळ आत येतो), तिच्या शेजारी एक्सपोजर कॉम्पेन्सेशनची (फोटो उजळ किंवा गडद करायची). लेन्सभोवती फिरणाऱ्या कड्यावर अॅपर्चरचे (लेन्सचं छिद्र किती उघडं आहे त्याचे) आकडे कोरलेले असतील. बॅटरी काढून ठेवली तरी हा कॅमेरा पुढचा फोटो कसा काढणार आहे, ते तुम्हाला वाचता येतं.

रेट्रो कॅमेऱ्यांचं वेड कुठून येतं, याचं माझं उत्तर हेच आहे. रुपेरी माथा, काळं चामड्यासारखं आवरण, जुन्या वळणाची अक्षरं, हे सगळं मला मनापासून आवडतं. पण कपाटातून कॅमेरा रोज बाहेर काढायला लावतात त्या या चकत्या. मेन्यूत दडलेली सेटिंग्ज बोटांखाली आली की प्रकाशाचा हिशेब डोक्यात पक्का बसत जातो. म्हणून नव्याने फोटोग्राफी शिकणाऱ्याने असा कॅमेरा घ्यावा असं मी म्हणतो, फक्त डोळे उघडे ठेवून घ्यावा.

थोडा इतिहास माहीत असलेला बरा. २००४ साली एप्सनने आर-डी१ काढला. फिल्म नसलेल्या या कॅमेऱ्याला शटर ताणायचा खटका होता, आणि किती फोटो उरले, बॅटरी किती उरली हे माथ्यावरचे घड्याळासारखे काटे दाखवत. एप्सन ही घड्याळवाल्या सेइको समूहातलीच कंपनी, त्यामुळे ते काटे तिथे शोभूनही दिसले. २००९ मध्ये ऑलिम्पसने १९५९च्या आपल्या पेन कॅमेऱ्याचा डिजिटल अवतार आणला. खरी लाट उसळली ती २०१०च्या सप्टेंबरमध्ये. कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात फुजीफिल्मने एक्स१०० दाखवला आणि लोक त्या काचेच्या कपाटाभोवती जमले. निकॉन २०१३ मध्ये डीएफ घेऊन आली. पुढे १९८२च्या एफएम२ची आठवण करून देणारा झेडएफसी २०२१ मध्ये आणि फुल फ्रेम, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला, झेडएफ २०२३ मध्ये आला. एक्स१००व्ही तर बाजारात आल्यानंतर दोन-तीन वर्षांनी इतका लोकप्रिय झाला, की दुकानात महिनोन्‌महिने मिळेना आणि वापरलेला कॅमेरा नव्यापेक्षा महाग विकला जाऊ लागला. २०२४च्या एक्स१००-सहासाठीही लोकांनी रांगा लावल्या.

पायरी १: तुम्ही कसले फोटो काढता ते आधी ठरवा

भिगवणला जाऊन रोहित पक्षी टिपायचे असतील, मुलीच्या कबड्डीच्या सामन्यांचे फोटो हवे असतील, किंवा लग्नाची कामं घ्यायची असतील, तर हा लेख इथेच थांबवून चांगली पकड असलेला नेहमीच्या घडणीचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्या. रेट्रो कॅमेऱ्यांची पुढची बाजू सपाट असते. लांबलचक टेलिफोटो लावून तासभर धरला, की मनगट बोलू लागतं. निकॉन झेडएफ बॅटरी आणि कार्डासकट ७०० ग्रॅमच्या वर जातो आणि त्याला धरायला उंचवटा जवळजवळ नाहीच. छोट्या लेन्सबरोबर तो फार सुंदर वाटतो, मोठ्या झूमबरोबर बोटं दुखतात.

रस्ता, माणसं, घर, प्रवास, बाजार, जुने वाडे, गडकोट, स्वयंपाकघरातला प्रकाश: यासाठी मात्र हे कॅमेरे अगदी जवळचे सोबती ठरतात. लहान असल्याने ते खांद्यावर राहतात आणि समोरचा माणूसही त्यांना पाहून बिचकत नाही.

पायरी २: चकत्या खऱ्या आहेत का, ते तपासा

इथे घाई करू नका. दोन कॅमेरे दिसायला सारखेच रेट्रो असतात, पण त्यांच्या चकत्या वेगळ्या रीतीने वागतात.

फुजीच्या एक्स-टी५, एक्स-ई आणि एक्स१०० मालिकांमध्ये पी-ए-एस-एम अशी, कॅमेऱ्याने काय ठरवायचं ते निवडणारी, वेगळी चकती नसते. शटरच्या चकतीवर आणि लेन्सच्या कड्यावर ‘ए’ (ऑटो) ही खूण असते. दोन्ही ‘ए’वर ठेवले की सगळं कॅमेरा ठरवतो. फक्त अॅपर्चर हाताने ठेवलं, तर शटर कॅमेरा पाहतो. फक्त शटर हाताने ठेवलं, तर अॅपर्चर कॅमेरा पाहतो. दोन्ही ‘ए’वरून हलवले की लगाम पूर्ण तुमच्या हातात. इतकी सरळ रचना दुसरीकडे क्वचितच सापडते, आणि शिकणाऱ्याला ती एका दुपारीत समजते.

निकॉनच्या झेडएफ आणि झेडएफसीमध्ये आयएसओच्या चकतीखाली एक छोटा दांडा असतो, त्याने मोड बदलतो. दांडा ‘ए’वर असताना (इथे ‘ए’ म्हणजे अॅपर्चर तुमचं, शटर कॅमेऱ्याचं) शटरची चकती निष्क्रिय असते. म्हणजे चकतीवर ५०० दिसतंय, पण कॅमेरा प्रत्यक्षात १/६० ला फोटो काढतोय, असं होऊ शकतं. नवशिक्याचा पहिला आठवडा याच गोंधळात जातो. शिवाय त्यांच्याबरोबर शोभणाऱ्या निकॉनच्या २८ मिमी आणि ४० मिमी एसई लेन्सना जुन्या लेन्ससारखं दिसणारं कडं आहे, पण त्यावर अॅपर्चरचे आकडे नाहीत. अॅपर्चरचा आकडा माथ्यावरच्या एका चिमुकल्या खिडकीत उमटतो. झेडएफ हा कॅमेरा म्हणून उत्तम आहे. त्याच्या पितळी चकत्या फिरवताना हाताला सुख वाटतं, आणि एक खटका सरकवला की थेट कृष्णधवल जग समोर येतं. पण वरून वाचता येणारा कॅमेरा हवा असेल, तर माझं मत फुजीला.

लेन्सचंही बघा. फुजीच्या स्वस्त एक्ससी १५-४५ या किट लेन्सला (कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या) अॅपर्चरचं कडंच नाही. एक्सएफ १८-५५ला कडं आहे, पण त्यावर आकडे नाहीत. बहुतेक एक्सएफ प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सवर मात्र आकडे कोरलेले असतात. ‘किटसकट स्वस्तात मिळतोय’ म्हणून १५-४५ घेतली, तर ज्यासाठी हा कॅमेरा घ्यायला निघालात त्यातला अर्धा भाग दुकानातच राहील.

पायरी ३: दुकानातली दहा मिनिटं

व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. चष्मा असेल तर चष्म्यासकट लावा आणि चारही कोपरे दिसतात का ते बघा. फुजीच्या एक्स-एम५ला व्ह्यूफाइंडरच नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात मागचा स्क्रीन आरशासारखा चमकतो, म्हणून व्ह्यूफाइंडर नसलेला कॅमेरा पहिला कॅमेरा म्हणून मी कोणाला सुचवत नाही. एक्स१०० मालिकेत एका खटक्याने काचेतून थेट बघायचं की इलेक्ट्रॉनिक चित्र बघायचं, हे निवडता येतं. काचेतून बघताना चौकटीच्या बाहेरचं जगही दिसतं, कोण चौकटीत शिरणार आहे ते आधीच कळतं. रस्त्यावर फोटो काढणाऱ्याला त्याचं मोल फार.

मग प्रत्येक चकती अंगठा-तर्जनीने फिरवा. प्रत्येक आकड्यावर टक्‌कन बसली पाहिजे. एक्स-टी५ आणि झेडएफवर चकत्यांना कुलूप आहे. एक्स१००-सहामध्ये आयएसओ बदलायला शटरच्या चकतीचं बाहेरचं कडं वर उचलून फिरवावं लागतं. काहींना ते आवडतं, काहींना अजिबात नाही. स्वतः फिरवल्याशिवाय तुम्ही कोणत्या गटातले ते कळणार नाही.

पावसाचा प्रश्न स्पष्ट विचारा. एक्स-टी५ आणि झेडएफ पाण्याच्या तुषारांपासून आणि धुळीपासून बचाव करतील अशा घडणीचे आहेत. एक्स-टी५०, एक्स-टी३०-दोन यांना तो बचाव नाही. एक्स१००-सहाला आहे, पण लेन्सपुढे अॅडॉप्टर रिंग आणि फिल्टर लावल्यावरच. हा खर्च वेगळा धरा.

वापरलेला कॅमेरा घेत असाल तर एफ/१६ वर एका पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसेल. मोबाइलचा टॉर्च लेन्समधून आरपार टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी आहे, घेऊ नका. नवा घेत असाल तर पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी घ्याच. मी एकदा चार हजार वाचवण्यासाठी बिलाशिवाय लेन्स घेतली होती. सहा महिन्यांत फोकसची मोटर गेली आणि दुरुस्तीला सात हजार मोजावे लागले.

पायरी ४: एकच लेन्स

सुरुवातीला एकच प्राइम लेन्स घ्या आणि निदान तीन महिने दुसरीकडे बघू नका. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर २३ मिमी म्हणजे फिल्मच्या हिशेबात ३५ मिमी, आणि ३५ मिमी म्हणजे साधारण ५० मिमी. घरातल्या खोलीत, चहाच्या टपरीवर, एसटीत, २३ मिमी बरी पडते कारण मागे सरकायला जागा नसते. माणसांचे चेहरे जास्त काढत असाल तर ३५ मिमी. एक्स१०० घेतलात तर हा प्रश्नच मिटतो. त्याची २३ मिमी एफ/२ लेन्स निघतच नाही.

झूम नसलं की पाय हलतात. दोन आठवड्यांत कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच चौकट कुठे कापली जाणार ते दिसायला लागतं.

पायरी ५: पहिल्या संध्याकाळची मांडणी

रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) आणि जेपेग (तयार फोटो) दोन्ही सुरू ठेवा. आयएसओ ऑटोवर ठेवा, वरची मर्यादा ६४०० द्या, किमान शटर स्पीड १/१२५ ठेवा. ग्रिड सुरू करा. बाकीचा मेन्यू बंद करा आणि महिनाभर उघडू नका.

पायरी ६: चार आठवड्यांचा रियाज

पहिला आठवडा फक्त अॅपर्चरचा. शटर ‘ए’वर. एकच विषय घ्या, समजा अंगणातली तुळस, आणि तो एफ/२, एफ/४, एफ/८, एफ/१६ वर काढा. मागची भिंत कशी विरघळते आणि कशी परत येते, ते बघा. कड्याच्या टकटकी मोजत फिरवलं, तर काही दिवसांनी न बघताही अॅपर्चर कितीवर आहे ते बोटांना कळू लागतं.

दुसरा आठवडा शटरचा. अॅपर्चर ‘ए’वर, आणि या आठवड्यापुरता आयएसओही हाताने २०० वर ठेवा, नाहीतर ऑटो आयएसओ मध्येच आपलं गणित करत राहील. चौकात उभं राहून रिक्षा १/५०० वर काढा, ती जागीच थिजेल. मग ऊन उतरल्यावर १/३० वर रिक्षाबरोबर कॅमेरा फिरवत काढा. पहिले वीस फोटो वाया जातील. एकविसाव्यात रिक्षा स्पष्ट आणि मागचा रस्ता रेघांचा होईल, आणि त्या दिवशी तुम्ही घरी वेगळ्याच आनंदात जाल.

तिसरा आठवडा एक्सपोजर कॉम्पेन्सेशनचा. माझ्या मते सगळ्यात मोलाची चकती हीच, आणि नवे लोक तिलाच हात लावत नाहीत. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं जग मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. त्यामुळे वारीत पांढऱ्या धोतर-सदऱ्यांची दिंडी समोर आली, की त्याला वाटतं प्रकाश फार आहे, आणि तो फोटो मळकट करून टाकतो. तिथे चकती अधिक एकवर न्या. उलट पावसाळ्यात भिजलेला गडाचा बुरूज घ्या. सह्याद्रीचा काळा बसाल्ट चौकटभर पसरला, की मीटरला वाटतं अंधार आहे, आणि तो दगड राखाडी करून ठेवतो. तिथे वजा दोन-तृतीयांश, कधी वजा एक. पांढऱ्याला अधिक, काळ्याला वजा: हे ऐकताना उलटं वाटतं, म्हणून आठवडाभर हाताने करूनच बघा. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये बदल लगेच दिसतो, हा फिल्मवाल्यांना नसलेला लाभ आहे.

चौथा आठवडा पूर्ण हाताचा, आणि तोही मीटरकडे न बघता. जुना नियम असा: लख्ख उन्हात एफ/१६ ठेवा आणि शटर स्पीड आयएसओच्या आकड्याजवळ ठेवा. आयएसओ २०० असेल तर १/२५० आणि एफ/१६. तेवढाच प्रकाश १/१००० आणि एफ/८ मध्येही मिळतो. झाडाखालच्या किंवा इमारतीच्या सावलीत आलात, की एफ/१६वरून तीन घरं उघडा, म्हणजे एफ/५.६. आता कॅमेरा बंद ठेवूनच घराबाहेर पडा. ऊन बघा, तीनही आकडे लावा, मग सुरू करा आणि काढा. पहिला फोटो बरोबर आला, की चकत्या कशासाठी असतात हे दुसऱ्या कोणी सांगायची गरज उरत नाही.

याच आठवड्यात फोकसही हाताने करून बघा. २३ मिमी लेन्स, एफ/८, फोकस तीन मीटरवर. आता साधारण १.६ मीटरपासून तीस मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मंडईतल्या गर्दीत ऑटोफोकसची वाट बघावी लागत नाही. फुजीमध्ये व्ह्यूफाइंडरखालची अंतराची पट्टी दोन पद्धतींनी दाखवता येते: पिक्सेलच्या हिशेबाने आणि फिल्मच्या हिशेबाने. फिल्मचा हिशेब निवडा. पहिला फार कडक आहे, तो तुम्हाला उगीच घाबरवतो.

पायरी ७: रंग

फुजीने दशकानुदशके फिल्म बनवली, आणि ती रंगांची समज त्यांनी ‘फिल्म सिम्युलेशन’ नावाने कॅमेऱ्यात भरली. एक्स१००-सहामध्ये अशी २० आहेत. इंटरनेटवर त्यांच्या शेकडो ‘रेसिपी’ फिरतात. आधी मूळ चव ओळखा, मसाला नंतर.

एक रॉ फोटो निवडा आणि कॅमेऱ्यातच, प्लेबॅकमधल्या रॉ कन्व्हर्जनमधून, तो चार-पाच सिम्युलेशनमध्ये पुन्हा काढा. एकच फोटो शेजारी शेजारी बघितल्यावर फरक कायमचा लक्षात राहतो. प्रोव्हिया नेहमीसाठी. व्हेल्व्हिया रंग भडक करते. सूर्यास्ताला शोभते, पण पावसाळ्यातल्या मावळात भातखाचरं आधीच इतकी हिरवी असतात, की व्हेल्व्हियात ती रंगवल्यासारखी दिसतात, आणि माणसांचे चेहरे लालबुंद होतात. तिथे अॅस्टिया मऊ पडते. क्लासिक क्रोम रंग उतरवते, जुन्या गल्ल्या आणि दुपारचं कोरडं ऊन त्यात छान बसतं. कृष्णधवलसाठी अॅक्रॉस, आणि तिच्यातला लाल फिल्टर निळं आकाश गडद करून ढग पुढे आणतो. चेहऱ्यांना मात्र लाल फिल्टर लावू नका, कातडी सपाट पांढरी होते. हिरवा बरा.

पायरी ८: घरातली जुनी लेन्स

इथे मजा सुरू होते. मिररलेस कॅमेऱ्यात लेन्सच्या माउंटपासून (लेन्स बसते त्या जागेपासून) सेन्सरपर्यंतचं अंतर कमी असतं: निकॉन झेडमध्ये १६ मिमी, फुजी एक्समध्ये १७.७ मिमी. जुन्या निकॉन एसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) ते ४६.५ मिमी होतं. मधली मोकळी जागा एका साध्या धातूच्या नळकांड्याने भरली, की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर अनंत अंतरापर्यंत फोकस करते. त्या नळकांड्याला अडॅप्टर म्हणतात. आत काच नसलेला घ्या, तो स्वस्तही असतो.

आपल्याकडे कित्येक घरांत पेंटॅक्स के१००० किंवा निकॉनचा एफएम१० कपाटात पडून आहे. कॅमेऱ्याचा सांगाडा बिघडला असला, तरी त्याची लेन्स बहुधा शाबूत असते. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा चोर बाजारातही अशा लेन्स मिळतात. टॉर्चची परीक्षा तिथेही करा, आणि अॅपर्चरच्या पात्यांवर तेल आलेलं नाही ना ते बघा. याशिका इलेक्ट्रो ३५ किंवा अॅग्फा क्लिक-३ सापडला, तर त्याची लेन्स काढायचा प्रयत्न करू नका. ती निघण्यासाठी बनवलेलीच नाही. तो कॅमेरा आहे तसा जपा.

लेन्स लावल्यावर फुजीच्या मेन्यूत ‘शूट विदाउट लेन्स’ सुरू करा, नाहीतर शटर पडणार नाही आणि तुम्हाला वाटेल कॅमेरा बिघडला. निकॉनमध्ये नॉन-सीपीयू (कॅमेऱ्याला आपली माहिती न देणाऱ्या) लेन्सच्या यादीत तिची फोकल लेंग्थ भरा. फोकस पीकिंग सुरू केलं, की स्पष्ट कडा रंगीत दिसतात. ५० मिमी जुनी लेन्स एपीएस-सीवर ७५ मिमीसारखी वागते, म्हणजे आजीचा चेहरा खिडकीच्या उजेडात काढायला अगदी योग्य. उन्हाकडे तोंड केलं, तर जुन्या काचेत प्रकाश पसरून फोटो धुरकट होतो. काहींना तो दोष वाटतो, मला आवडतो.

पायरी ९: पावसाळा

मुंबई आणि कोकणात लेन्सचा सगळ्यात मोठा शत्रू बुरशी. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, की तिला फावतं, आणि काचेच्या लेपावर एकदा मुळं धरली, की डाग पूर्णपणे जात नाही. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर घ्या, ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यानेही काम भागतं. रंग बदलणारी सिलिका घ्या. केशरी रंग हिरवा झाला, की ती कढईत मंद आचेवर गरम करा, पुन्हा कोरडी होते. ती कढई मग स्वयंपाकाला वापरू नका. कॅमेरा तांदळात पुरून ठेवू नका, त्याची पिठी चकत्यांच्या फटींत जाते.

एसीच्या खोलीतून एकदम दमट हवेत गेलात, तर काचेवर बाष्प धरतं. बॅग बंद ठेवून वीसेक मिनिटं थांबा, मग कॅमेरा काढा.

आणि रेट्रो कॅमेऱ्याबरोबर हौसेने घेतलेलं ते तपकिरी चामड्याचं कव्हर. फार देखणं दिसतं, मीही वापरतो. पण चामडं ओल धरून ठेवतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते कॅमेऱ्यावरून उतरवा, पुसून वेगळं, हवेशीर जागी ठेवा, आणि दसऱ्याला पुन्हा चढवा.